तुम्ही विचारलंत म्हणून: डीकनबाबांचा प्याला

आडनाव ऐकलं, गळ्यातला बारीक क्रूस दिसला, की लोक जरा घुटमळतात आणि विचारतात, "तुमच्याकडचे लोक कशासाठी हो ख्रिस्ती झाले?" त्या 'कशासाठी'तच ज्वारीचं पोतं असतं. पणजोबा नगरकडे मंडळीचे, म्हणजे चर्चचे, डीकन होते म्हटलं की पुढचा प्रश्न तयार, "म्हणजे मिशनचे पगारी?" परवा चहाच्या वेळी तुम्हीही हेच विचारलंत. तेव्हा हसून टाळलं.

आधी पगाराचं. अमेरिकन मराठी मिशनमध्ये मास्तरला पगार होता, घरोघर बायबल वाचून दाखवणाऱ्या बायबल बाईला होता. डीकनला नव्हता. हल्ली, चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाल्यापासून, म्हणजे १९७० नंतर, डीकन ही पाळक होण्याआधीची पायरी. म्हणून आमच्या मुलांनाही वाटतं की पणजोबा अर्धे पाळक होते. पण मिशन काँग्रिगेशनल होतं, म्हणजे कारभार ज्या त्या मंडळीच्या हातात. मंडळी आपल्यातूनच डीकन निवडायची. त्यानं प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीची, भाकर आणि प्याला ओळीतून फिरवायचा, दान मोजायचं, त्यातलं विधवेला किती, आजाऱ्याला किती ते बघायचं आणि सोमवारी परत रानात जायचं. मिळालं काय म्हणाल, तर मेलेली ढोरं ओढायची नाही म्हटल्यावर गावानं बलुतं बंद केलं, ते मिळालं.

आता पोटाचं. मोठा दुष्काळ १८९९-१९०० चा, पणजोबांचा बाप्तिस्मा १९०२ चा. ही दोन सालं मी पूर्वी तलवारीसारखी उपसायचे. पोटासाठीच असतं तर दोन पावसाळे थांबले असते का? यावरून कॉलेजात एका मैत्रिणीशी बोलणं टाकलं होतं. दुष्काळात ते आईबरोबर मिशनच्या विहिरीच्या कामावर जायचे आणि संध्याकाळी मापानं ज्वारी मिळायची, एवढं मात्र मी तिला सांगितलं नव्हतं. ज्यानं जगवलं त्याच्यावर विश्वास बसला असेल, तर त्यातला पोटाचा किती, मनाचा किती, हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं, आजही येत नाही. (उपाशी माणसाच्या हेतूची चौकशी करायची आपल्याला भारी हौस.) कवी रेव्हरंड ना. वा. टिळक जन्मानं ब्राह्मण, त्यांनी १८९५ ला बाप्तिस्मा घेतला. त्यांना हा प्रश्न कोणी या सुरात विचारत नाही. टिळकांचा तो सत्याचा शोध, आमचा तो दुष्काळ.

पण मी टाळते ते यामुळे नाही.

आमच्या घरची एक गोष्ट आहे. मांगवाड्यातली पहिली घरं मंडळीत आली, तेव्हा महारवाड्यातले जुने ख्रिस्ती त्यांच्याबरोबर एका प्याल्याला तोंड लावेनात. पणजोबांनी प्याला उचलला, मांगवाड्यातल्या माणसाला आधी दिला आणि त्याच कडेला ओठ लावून मग स्वतः प्याले. ही गोष्ट मी शब्बाथशाळेत सांगितली, वक्तृत्व स्पर्धेत सांगितली आणि २००६ साली मंडळीच्या वर्धापनदिनाला माईकवरून सांगितली. टाळ्या पडल्या. टिळकांची भजनं झाली. मग पंगत.

हात धुवायला मागे गेले, तर एका म्हाताऱ्या बाईनं माझं मनगट धरलं. नऊवारी, डोक्यावर पदर. भांडी घासायच्या दगडापाशी नेलं. म्हणाली, "आवाज चांगलाय बाई तुझा. पन ते तसं नव्हतं."

तिची आई त्या दिवशी शेवटच्या ओळीत बसली होती. खाली, सतरंजीवर. डीकनबाबा भाकरीचे तुकडे वाटत आले, ते वरून हातावर टाकले. मग प्याला. मनुका भिजवून काढलेलं लालसर पाणी असायचं, ते मीही प्याले आहे. शेवटच्या ओळीशी ते थांबले. प्याल्यातलं थोडं एका पितळी फुलपात्रात ओतलं, फुलपात्र सतरंजीवर ठेवलं आणि वळले. "हातात न्हाई दिलं," ती म्हणाली. "आईनं शिवलं न्हाई त्याला. पुढचीनंबी न्हाई. उपासना सरली, सगळी उठली, तरी ते तसंच भरल्यालं. मग तुझ्याच पणज्यानं उचललं."

मी काय म्हणाले असेन?

"आजी, दुसरे कोणी डीकन असतील."

तिनं माझं मनगट सोडलं. "असंल," म्हणाली आणि ताटं घासायला बसली.

त्या वाक्याची मला अजून लाज वाटते. गावात दुसरा डीकन नव्हता, हे मला माहीत होतं. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं धर्मांतरित ख्रिस्ती अनुसूचित जातींच्या यादीबाहेर राहिले, पण गावानं आमची जात कधी पुसली नाही, हे भाषणात ठणकावून सांगणारी मी. आणि आम्ही आमच्यापुरती?

आत्याला विचारलं. ती म्हणाली, "दोन्ही खरं असेल गं. आधी फुलपात्र, मग प्याला." हे रात्री पटलं, सकाळी पटेना. मंडळीच्या जुन्या वहीत पणजोबांच्या नावापुढे तांबड्या शाईत लिहिलंय, 'सहा महिने प्रभुभोजनापासून दूर.' कारण नाही. काका म्हणतात, भावकीबरोबर जत्रेला गेले म्हणून. काकांना कोणी सांगितलं, ते काकांनाही आठवत नाही. मला वाटतं शिक्षा फुलपात्राची असावी. म्हणजे निदान मंडळीनं तरी ते खपवून घेतलं नाही असं म्हणता येईल. पण असं वाटण्यात माझी सोय आहे, हेही मला दिसतं.

तर कशासाठी झाले? ढोरं ओढायला लागू नयेत म्हणून झाले, असं मी म्हणेन. ज्वारी होती, विश्वासही होता. शेवटच्या आजारपणात ते स्तोत्रं पाठ म्हणायचे, हे माझ्या आजीनं बघितलंय. पण तुम्ही 'कशासाठी' म्हणालात की मला ते फुलपात्र दिसतं, आणि मी विषय बदलते.

यंदाच्या वर्धापनदिनाला पुन्हा बोलावलंय. पाळकांचा दोनदा फोन आला, विषय कळवा म्हणून. त्या आजी गेल्या. त्यांची सून असते हल्ली, पहिल्या रांगेत बसते.