उजव्या हाताचा डोंगर

पंढरीच्या वारीत नातेपुते सोडलं आणि डावा पाय रुसला. धर्मपुरीला सोलापूर जिल्ह्यात शिरतानाच टाचेला फोड आला होता. 'माऊली चालवून नेतील' म्हणणारे सगळे धडधाकट पायांचे. त्यात आमचा एक टाळकरी हरिपाठात हटकून ठेका चुकवायचा. तोंडाने 'रामकृष्णहरी' आणि मनात त्याच्या नावाने शिव्या, असं चाललं होतं.

पुरंदवड्याचं रिंगण झालं. अश्वांच्या टापांखालची माती कपाळाला लावली, आणि तिथून पुढे पाऊल उचलेना. बाभळीखाली बसलो. शेजारी लाल पटक्याचा एक म्हातारा होता. काही न विचारता त्याने खांद्यावरची घोंगडी खाली टाकली.

"पाय हिकडं करा, माऊली."

माझा पाय त्याच्या मांडीवर. मला लाजल्यासारखं झालं. त्याने पिशवीतून सुई काढली, काडीवर तापवली, दोरा ओवून फोडातून आरपार नेला आणि दोन्हीकडे टोकं सोडून तोडला. "दोरा काढू नगा. पानी गळंल. कातडं सोलायचं न्हाई." वर तंबाखू देऊ केली. मी नको म्हणालो, तर हसला.

हे बाबा कोथळ्याचे, मुंगी घाटाच्या पायथ्याचे. धनगर. उजव्या हाताला मागे डोंगराची निळसर रेघ दिसत होती, तिच्याकडे त्यांनी बोट केलं. "त्यो आमचा म्हाद्या." शिखर शिंगणापूरचा महादेव. पुस्तकातून मला ते भोसल्यांचं कुलदैवत आणि मालोजीराजांनी बांधलेलं तळं एवढंच माहीत. बाबांचं शिंगणापूर चैत्रातलं. अष्टमीला देवाचं लगीन, दोन देवळांच्या शिखरांना बांधलेलं लांबच लांब पागोटं. द्वादशीला सासवडहून आलेली भुतोजी तेल्याची कावड मुंगी घाटाने वर जाते. धड पायवाटही नसलेला उभा कडा. पाण्याने भरलेले रांजण, आणि माणसाने माणसाचा हात धरून केलेली साखळी. "म्हाद्या धाव म्हनायचं, आन् त्यो धावतोच."

मग वारीला कसे? मी विचारलं. ते जरा चिडले. "इठ्ठल काय परका हाय व्हय? बिरुबाच्या वव्यांत त्येचंच नाव येतं की." खरंच आहे, बिरुबा म्हणजे धनगरांचा बिरदेव, आणि कोल्हापूरकडच्या पट्टणकोडोलीला विठ्ठल आणि बिरदेव एकाच देवळात नांदतात.

माळशिरसला पोचलो तेव्हा अंधार झाला होता, जेवण संपलं होतं. खुडूस, वेळापूरचा धावा, तोंडले-बोंडल्याची माऊली-सोपानकाकांच्या पालख्यांची बंधुभेट, सगळं गर्दीत वाहून गेलं. धाव्यात मी पळालो म्हणे. मला दुखल्याचं आठवत नाही.

पुढे तो ठेका चुकवणारा टाळकरी सासवडचाच निघाला, कावडीला खांदा दिलेला. बाबांची गोष्ट सांगितली तर म्हणाला, वर ओढणाऱ्यांचं काय मोठं, खरा भार खालून रेटणाऱ्यांवर. दिंडीतला दुसरा एकजण म्हणाला, उलट. भंडीशेगाव आलं तरी दोघे भांडतच होते.