तुम्ही जमिनीचे वकील ना, मग सांगा ती जमीन कोणाची

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो, एरवी या विषयावर तोंड उघडायचं मी टाळतो. लग्नाची पंगत असो, कोर्टाचं कॅन्टीन असो, गाझाची बातमी झळकली की कोणीतरी खुर्ची ओढून घेतंच. "वकीलसाहेब, तुमचा जन्म जमिनीच्या दाव्यांत गेला. सांगा, ती जमीन इस्रायलवाल्यांची की पॅलेस्टाईनवाल्यांची?" विचारणाऱ्याचा निकाल बहुधा आधीच लागलेला असतो. माझ्याकडून त्याला फक्त सही-शिक्का हवा असतो.

एक पक्ष तीन हजार वर्षांपूर्वीच्या ज्यूंच्या दावीद राजापासून सुरुवात करतो. दुसरा 1917 च्या बाल्फोर जाहीरनाम्यापासून, म्हणजे ज्यूंना पॅलेस्टाईनमध्ये राष्ट्रीय घर मिळावं या इंग्रज सरकारच्या घोषणेपासून. दोघांचंही म्हणणं खोटं नाही, पण दोघांपैकी कोणाच्याही म्हणण्यावरून एका शेताची हद्द ठरत नाही. मला माझ्या धंद्याची सवय आहे: आधी विचारायचं की कोणतं गाव, कोणता तुकडा, कोणत्या साली नोंद झाली, आणि ती नोंद करणारा कोण होता. या चौथ्या प्रश्नावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे.

तिथल्या जमिनीच्या कागदांचं मूळ 1858 च्या ऑटोमन जमीन कायद्यात आहे. तुर्की सुलतानाच्या या कायद्यानं जमिनीचे प्रकार पाडले. 'मुल्क' म्हणजे पूर्ण खासगी, 'वक्फ' म्हणजे धर्मादाय, 'मवात' म्हणजे गावापासून दूरची ओसाड, आणि 'मिरी' म्हणजे मूळ मालकी सरकारची पण वहिवाट शेतकऱ्याची. शेती बहुतेक मिरीच होती. दहा वर्षं कसलीत तर तुमचा हक्क पक्का. सबळ कारणाशिवाय तीन वर्षं पड टाकलीत तर सरकार ती परत घेऊ शकतं. हे दोन आकडे लक्षात ठेवा, सव्वाशे वर्षांनी ते पुन्हा उगवणार आहेत.

कायदा झाला, नोंदणी कचेऱ्या झाल्या, पण शेतकरी तिकडे फिरकेना. नाव लागलं की सारा वाढणार आणि पोरगा फौजेत जाणार, ही भीती. कोणी क्षेत्र कमी सांगितलं, कोणी शहरातल्या बड्या माणसाच्या नावावर लावून दिलं. शिवाय कित्येक गावांत जमीन 'मुशा' होती, म्हणजे अख्ख्या गावाची सामाईक, दर काही वर्षांनी वाट्यांची फेरवाटणी होणारी. अशा जमिनीत कोणाचा चतुःसीमेसह तुकडाच नसतो. सातबाऱ्याला डोळे सरावलेल्या माणसाला हे कोडंच वाटेल, पण तिथे पिढ्यान्‌पिढ्या ते सुरळीत चाललं होतं.

मग खरेदीविक्री. बैरूतच्या सुर्सोक या सावकार घराण्यानं 1870 च्या सुमारास उत्तरेकडच्या मर्ज इब्न आमिर खोऱ्यात प्रचंड जमीन घेतली होती. ज्यूंच्या जमीन खरेदी करणाऱ्या संस्थांनी 1920 च्या दशकात त्यातला मोठा भाग रोख पैसे मोजून विकत घेतला. दस्त झाले, शिक्के बसले. त्या व्यवहारात कायद्याच्या अंगानं मला खोट काढता येत नाही. पण जमीन रिकामी करून द्यायची होती, आणि पिढ्यान्‌पिढ्या कसणारी कुळं बाहेर पडली. आपल्याकडे 1 एप्रिल 1957 रोजी कुळ मालक झालं; तिथे कुळाला हातावर थोडी भरपाई ठेवून निरोप मिळाला. तेव्हा "ज्यूंनी जमिनी लुटल्या" असं या काळाबद्दल कोणी म्हणालं तर मी अडवतो, आणि "जमीन ओसाडच होती" म्हणणाऱ्यालाही अडवतो. ओसाड जमिनीवरून कुळं उठवावी लागत नाहीत.

व्हॉट्सॲपवर चार नकाशे फिरतात, तुम्हीही पाहिले असतील. पहिल्यात जवळजवळ सगळा पॅलेस्टाईन हिरवा, पुढच्या तिघांत हिरवा रंग आक्रसत गेलेला. पहिल्या नकाशात चलाखी आहे. 1947 च्या आसपास ज्यूंच्या मालकीची जमीन एकूण क्षेत्राच्या सहा-सात टक्के होती हे खरं, पण उरलेली सगळी अरबांची खासगी मालकी नव्हती. दक्षिणेचं नेगेव वाळवंटच निम्म्या देशाएवढं, आणि तिथली बहुतेक जमीन कागदावर कोणाच्याच नावावर नव्हती. बदाऊन टोळ्या तिथे राहत आणि पेरत होत्या तरीही. मालकी आणि राज्य या दोन वेगळ्या गोष्टी त्या नकाशांत एका रंगात बुडवल्या आहेत. पण याच हिशेबाची दुसरी बाजूही आहे. 29 नोव्हेंबर 1947 च्या संयुक्त राष्ट्रांच्या ठरावानं, लोकसंख्येत एक तृतीयांश असलेल्या ज्यूंच्या राज्याला सुमारे 55 टक्के भूभाग दिला. भारतानं त्या ठरावाच्या विरोधात मत दिलं होतं. अरबांनी फाळणी नाकारली, युद्ध झालं, आणि 1949 च्या शस्त्रसंधीनंतर इस्रायलच्या हाती सुमारे 78 टक्के भूभाग होता. सात लाखांहून अधिक पॅलेस्टिनी पळाले किंवा हाकलले गेले.

इथपर्यंत सगळ्यांना साधारण ठाऊक असतं. त्यांच्या शेतांचं आणि घरांचं कागदोपत्री काय झालं, हे मात्र मला कोणी विचारत नाही.

इस्रायलनं 1950 साली गैरहजर मालमत्ता कायदा केला. 29 नोव्हेंबर 1947 नंतर जो शत्रुदेशात गेला, किंवा पॅलेस्टाईनच्याच ज्या भागावर विरोधी फौजांचा ताबा होता तिथे गेला, तो 'गैरहजर'. त्याची मालमत्ता सरकारी अभिरक्षकाकडे. व्याख्या इतकी सैल की काही दिवसांसाठी शेजारच्या गावात आसऱ्याला गेलेला, नंतर इस्रायलचा नागरिक झालेला, मतदान करणारा माणूसही गैरहजर ठरला. अशांना नावही पडलं, 'हजर-गैरहजर'. मी बरेच चमत्कारिक कायदे वाचले आहेत. हा वरच्या पाचांत.

उत्तर इस्रायलमधल्या गॅलिलीतल्या इक्रित गावाची गोष्ट थोडी वेगळी, पण तीच सांगण्यासारखी. गाव ख्रिस्ती अरबांचं. नोव्हेंबर 1948 मध्ये फौज आली, म्हणाली, पंधरा दिवस दुसरीकडे जा, मग परत या. लोक लढले नव्हते, ऐकून गेले. पंधरा दिवस संपले, परत येऊ देईनात. गावकरी सर्वोच्च न्यायालयात गेले आणि जुलै 1951 मध्ये जिंकले. इस्रायलच्या न्यायालयात, इस्रायलच्या सरकारविरुद्ध. त्यानंतर लष्करानं हद्दपारीचे नवे हुकूम काढले आणि त्याच वर्षीच्या नाताळात गावातली घरं सुरुंग लावून उडवली. चर्च तेवढं ठेवलं. पुढे 1970 च्या दशकापासून त्यांना मृतांना गावात पुरायची परवानगी मिळाली. राहायची नाही. अंमलबजावणीच्या दरखास्तीत वर्षानुवर्षं अडकलेले निकाल माझ्याही कपाटात आहेत, पण असा नाही.

दुसऱ्या बाजूचेही कागद आहेत आणि ते न सांगणं अप्रामाणिकपणा होईल. हेब्रॉनमध्ये 1929 साली 67 ज्यूंची कत्तल झाली आणि उरलेल्यांना पिढीजात घरं सोडावी लागली. जेरुसलेमच्या जुन्या शहरातला ज्यू मोहल्ला 1948 मध्ये रिकामा झाला, आणि जॉर्डननं तिथल्या ज्यूंची मालमत्ता 'शत्रूची मालमत्ता' म्हणून ताब्यात घेतली. नागरिकत्व सोडून निघालेल्या ज्यूंची मालमत्ता इराकनं 1951 मध्ये कायदा करून गोठवली. (आपल्या कोकणातून गेलेल्या बेने इस्रायलींना मात्र कोणी हाकललं नाही, ते आपणहून गेले. दिमोना, बीरशेबा, अश्दोद अशा ठिकाणी वसले आणि घरी मराठी बोलत राहिले.) बगदादच्या ज्यूचं घर गेलं म्हणून हैफाच्या अरबाचं घर वळतं करून घ्यायचं, हा हिशेब अनेक जण मला ऐकवतात. मला तो पटत नाही. ते दोघे एकमेकांचे कूळही नव्हते आणि सावकारही नव्हते.

या सगळ्याची गाठ पूर्व जेरुसलेमच्या शेख जर्राह वस्तीत पडते. तिथला एक तुकडा ज्यू संस्थांनी 1870 च्या दशकात घेतला होता. जॉर्डनच्या राजवटीत, 1956 मध्ये, तिथे 28 पॅलेस्टिनी निर्वासित कुटुंबांना घरं दिली गेली. इस्रायलनं 1967 मध्ये तो भाग जिंकला आणि 1970 च्या कायद्यानं 1948 पूर्वीच्या ज्यू मालकांना तिथली मालमत्ता परत मागायची मुभा दिली. त्या कुटुंबांची स्वतःची घरं जाफा-हैफाकडे राहिली होती. ती मागायला तसाच कायदा नाही. ज्यूंचा जुना दस्त खरा असेल, मी तो नाकारत नाही. पण जुना दस्त एकाचा चालतो आणि दुसऱ्याचा चालत नाही, तेव्हा पहिल्याही दस्ताची किंमत माझ्या नजरेत घसरते.

आता जॉर्डन नदीचा पश्चिम किनारा, म्हणजे वेस्ट बँक. आजचं खरं भांडण इथलं.

तेव्हा पॅलेस्टाईनवर राज्य करणाऱ्या इंग्रजांनी 1928 मध्ये तिथे पद्धतशीर मोजणी आणि हक्कनोंदणी सुरू केली. मैदानापासून सुरुवात केली, डोंगराळ भाग मागे राहिला. 1948 नंतर जॉर्डननं काम पुढे नेलं, पण 1967 च्या युद्धात इस्रायलनं वेस्ट बँक घेतली तोपर्यंत सुमारे एक तृतीयांशच भाग झाला होता. डिसेंबर 1968 मध्ये इस्रायलच्या लष्करी हुकुमानं नोंदणी थांबवली. कारण सांगितलं की युद्धात परागंदा झालेल्यांचे हक्क बुडू नयेत. कारण चांगलं होतं. परिणाम असा की दोन तृतीयांश जमिनीला पक्का उताराच राहिला नाही.

सुरुवातीला वसाहतींसाठी, म्हणजे तिथे इस्रायली नागरिकांना वसवण्यासाठी, जमीन 'लष्करी गरज' म्हणून ताब्यात घेतली जाई. नाब्लुसजवळच्या रुजीब गावच्या शेतकऱ्यांनी एलोन मोरे वसाहतीविरुद्ध दावा लावला. गंमत बघा, सरकारची केस तिथल्या वसाहतवाल्यांनीच पाडली. त्यांनी प्रतिज्ञापत्रात सांगितलं की आम्ही सुरक्षेसाठी आलेलो नाही, देवानं दिलेल्या भूमीवर कायमचे राहायला आलो आहोत. ऑक्टोबर 1979 मध्ये न्यायालयानं वसाहत हलवायला लावली. देणारा देव असलेल्या दस्ताची उलटतपासणी घेता येत नाही, म्हणून मी तो बाजूला ठेवतो. हमासनं 1988 च्या सनदेत अख्खा पॅलेस्टाईन वक्फ म्हणून जाहीर केला, तोही त्याच ढिगात.

त्या निकालानंतर सरकारनं वाट बदलली आणि ऑटोमन कायदा बाहेर काढला. दहा वर्षं सलग कसल्याचा पुरावा नाही? तीन वर्षं पड आहे? मग ही सरकारी जमीन. विमानातून काढलेले फोटो तपासले जाऊ लागले. खडकाळ उतारावर शेतकरी जिथे माती सापडेल तिथे ऑलिव्ह लावतो, जव पेरतो. अशा तुकड्यात निम्म्याहून कमी भाग लागवडीखाली दिसला तर तोही धोक्यात. घोषणा झाल्यावर 45 दिवसांत लष्करी अपील समितीपुढे जायचं, मोजणीचा खर्च स्वतः करायचा आणि सिद्ध करण्याची जबाबदारीही शेतकऱ्याची. एक दुनम म्हणजे हजार चौरस मीटर, आपल्या दहा गुंठ्यांना किंचित कमी. असे लाखो दुनम सरकारजमा झाले आणि त्यांचा वापर मुख्यतः वसाहतींसाठी झाला. सुलतानानं जो कायदा जमीन कसली जावी, सारा मिळावा म्हणून केला, तो जमीन काढून घ्यायच्या कामी आला.

इस्रायल आणि पॅलेस्टाईन मुक्ती संघटना यांच्यातल्या 1995 च्या दुसऱ्या ऑस्लो करारानं वेस्ट बँकेचे अ, ब, क असे भाग केले. त्यातला सुमारे 60 टक्क्यांचा 'क' भाग पूर्णपणे इस्रायलच्या ताब्यात आहे. व्यवस्था पाच वर्षांपुरती ठरली होती. तीच अजून चालू आहे. पूर्व जेरुसलेम सोडूनही आज तिथे सुमारे पाच लाख इस्रायली वसाहतींत राहतात.

इथे कोणीतरी म्हणतंच की 7 ऑक्टोबर 2023 ला हमासनं सुमारे 1,200 माणसं मारली, अडीचशेंना ओलीस नेलं, आता कसला सातबारा घेऊन बसलात? त्यानंतर गाझात हजारोंनी माणसं मेली, त्यांच्याबद्दलही दुसरं कोणीतरी हेच म्हणतं. मी दोघांनाही एवढंच म्हणतो की गाझातले बहुसंख्य लोक 1948 च्या निर्वासितांचे वंशज आहेत आणि त्यांच्या आजोबांची शेतं कुंपणापलीकडे आहेत. यानं कत्तल माफ होत नाही. पण कागद बंद केला म्हणून दावा बंद झाला, असंही होत नाही.

माझं उत्तर हवं होतं ना? 1949 च्या रेषेआतलं इस्रायल हे राष्ट्र आहे. खुद्द पॅलेस्टाईन मुक्ती संघटनेनं 1993 मध्ये त्याच्या अस्तित्वाचा हक्क मान्य केला. तो वाद उकरण्यात मला अर्थ दिसत नाही. पण राज्य बदललं म्हणून रयतेची खासगी मालकी बुडत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या डिसेंबर 1948 च्या ठराव 194 नं परतीचं किंवा भरपाईचं बोलणं केलं होतं, आणि त्याच ठरावातून निघालेल्या समितीनं इंग्रजी काळातल्या नोंदवह्यांवरून अरब मालमत्तेच्या सुमारे साडेचार लाख नोंदी 1964 पर्यंत तयार करून ठेवल्या. म्हणजे उतारे आहेत. मागणारे आहेत. वाटप करणारं कोणी नाही. वेस्ट बँकेबद्दल माझं मत आणखी सरळ आहे. तिथे ताबेदारच तलाठी, तोच मोजणीदार, अपील ऐकणारा तोच, आणि जमीन मिळणारे त्याचेच नागरिक. आंतरराष्ट्रीय न्यायालयानं जुलै 2024 मध्ये तो ताबाच बेकायदा ठरवला. इस्रायलला ते मान्य नाही.

मे 2025 मध्ये इस्रायलच्या सुरक्षा मंत्रिमंडळानं 'क' भागात ती 1968 पासून थांबलेली नोंदणी पुन्हा सुरू करायचं ठरवलं. वर्तमानपत्रांत ही बातमी आतल्या पानावर होती. बॉम्बच्या बातम्यांपेक्षा मला ती जास्त महत्त्वाची वाटली, कारण अशी नोंदणी एकदा पूर्ण झाली की ती फिरवणं जवळजवळ अशक्य असतं. आजोबांच्या नावावर धड कागद नाही, वारसांपैकी अर्धे 1967 पासून जॉर्डनच्या अम्मानमध्ये, त्यांचा हिस्सा पुन्हा गैरहजर मालमत्तेत जाण्याचा धोका, आणि दावा दाखल करायचा तोही त्याच लष्करी प्रशासनाकडे. ते माझ्याकडे आले असते तर मी मालकी कोणाची हे विचारलंच नसतं. आधी विचारलं असतं, हरकत घ्यायची मुदत किती दिवसांची आहे आणि त्यातले किती उरलेत.