आमची वाटचाल: बिछायत केंद्र आणि आमचे काकाजी

तिवसा तालुक्यातल्या आमच्या गावात बिछायत केंद्र, म्हणजे लग्नकार्याला सतरंज्या-भांडी भाड्याने देणारं दुकान, काढलं तेव्हा माल तो काय? सतरंज्या, गंज म्हणजे मोठी पातेली, कढया, थोडी ताटं. आज मंडप आहे, जनरेटर आहे, ट्रॉलीभर भांडी आहेत. बँकेच्या हप्त्यांची कहाणी सांगण्यात काही गोडी नाही. सांगायचं आहे ते काकाजींबद्दल. यंदाच्या उन्हाळ्यात ते गेले.

काकाजी आमचे भागीदार नव्हते की नोकर नव्हते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी काढलेल्या गुरुदेव सेवा मंडळाचे साधे सेवक. भगवी टोपी, पहाटे ग्रामसफाई, संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना, मधल्या वेळात कोरडवाहू शेती. कुठेही पंगत असली की बोलावणं असो-नसो, काकाजी चुलीपाशी हजर. किती माणसांना किती आलू-वांगे, विस्तवात भाजायच्या कणकेच्या रोडग्यांना गोवऱ्या किती, सगळा हिशोब तोंडी. गिऱ्हाईक जास्त ताटं मागू लागलं की माझ्यादेखत म्हणत, "इतके कायले लागते? तीन पंगती बसव." भाडं बुडायचं, मला रागही यायचा. पण पुढच्या लग्नाला तेच गिऱ्हाईक सोयऱ्यांना घेऊन आमच्याच दारात. जाहिरातीवर आम्ही कधी पैसा घातला नाही तो यामुळे.

भांडी परत आली की गंजात हात फिरवून पाहत. "घासला का नुसता पान्यातून काढला?" आमची पोरं त्यांना माझ्यापेक्षा जास्त भीत.

"मयतीच्या घरून भाडं घेऊ नको, बाप्पा," हे त्यांनीच सांगितलं आणि तोच दुकानाचा नियम झाला. मयतीला सतरंज्या फुकट. तेरवीला फक्त भांडी घासणाऱ्या बायांची मजुरी आणि डिझेल. 2017 साली गुलाबी बोंडअळीने कापूस खाल्ला, लग्नं पुढे ढकलली गेली, तेव्हा हा नियम जड गेला. मोडला मात्र नाही. खरं सांगायचं तर काकाजी रोज दुकानावरूनच जायचे!

तुकडोजी महाराजांचं निर्वाण 11 ऑक्टोबर 1968 चं. मोझरीला त्यांचा आश्रम आहे. तिथल्या पुण्यतिथी महोत्सवात दुपारी 4 वाजून 58 मिनिटांनी मौन श्रद्धांजली असते. काकाजी दरवर्षी जात, पण दर्शनाच्या रांगेत कमी आणि महाप्रसादाच्या मांडवात जास्त. त्या मौनापुरता तेवढा झारा खाली ठेवत.

स्वतःची तेरवी करू नका, असं त्यांनी घरच्यांना बजावून ठेवलं होतं. त्या दिवशी गावाने रस्ते झाडले आणि संध्याकाळी प्रार्थना केली. आमच्याकडून गेल्या त्या फक्त सतरंज्या.

यंदाही आश्विनात पुण्यतिथी महोत्सवाच्या आठवड्यात भाड्याचं बुकिंग घेणार नाही. ट्रॉली मोझरीला जाईल. स्वयंपाकाचा हिशोब माझ्या पोराला काकाजींनीच शिकवला आहे. वाढायला माणसं कमी पडतात. यायचं असेल त्यांनी दसऱ्याआधी दुकानात नाव सांगून ठेवावं.