आईला पिंपळाचं पान पाहिजे होतं

आईची बुद्धगयेची तयारी महिनाभर चालली होती. पांढऱ्या साडीला दोनदा इस्त्री झाली. माझ्याकडे फक्त तिकिटं होती. नागपूरहून संघमित्रा एक्सप्रेस धरली, मुगलसरायला उतरलो (नाव बदललंय, पण लोक अजून तेच म्हणतात), तिथून दुसऱ्या गाडीनं गया आणि पुढे पंधराएक किलोमीटर ऑटो.

गाडीचं नाव ऐकूनच आई खूश. अशोकाची लेक संघमित्रा बोधिवृक्षाची फांदी घेऊन श्रीलंकेला गेली, ती अनुराधपुरात लावली. "आपल्या दीक्षाभूमीवरचं झाड तिथूनच तर आलं ना बापा," आई म्हणाली. खरंच आहे, भदंत आनंद कौसल्यायन यांनी तिथूनच रोपं आणली होती.

बुद्धगयेच्या महाबोधी महाविहारापाशी, म्हणजे तिथल्या मुख्य मंदिरापाशी, पहिली गोची मोबाइलची. २०१३ च्या बॉम्बस्फोटांनंतर तिथला बंदोबस्त कडक आहे, फोन काउंटरवर जमा करावा लागतो. मला हे रांगेच्या टोकाला पोहोचल्यावर कळलं. परत मागे जा, जमा करा, पावती घ्या, पुन्हा रांग. आई उन्हात उभी. "काऊन विचारून नाही आलास?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मंदिर आजूबाजूच्या जमिनीपेक्षा खोलगट जागी आहे, पायऱ्या उतराव्या लागतात. आईच्या गुडघ्यांमुळे आम्ही एकेक पायरी उतरत होतो, त्यामुळे ते पन्नासेक मीटर उंच शिखर मला नीट बघता आलं. अशोकानं इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात इथं पहिलं मंदिर बांधलं. आज उभं आहे ते विटांचं, पाचव्या-सहाव्या शतकातलं. पुढे पडझड झाली. एकोणिसाव्या शतकात आधी ब्रह्मदेशच्या राजाची माणसं आणि मग ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅम यांनी डागडुजी केली. २००२ मध्ये जागतिक वारसा यादीत नाव आलं. व्यवस्था मात्र १९४९ च्या कायद्यानं नेमलेल्या समितीकडे, तीत चार बौद्ध, चार हिंदू. नागपूरच्या भदंत सुरई ससाईंनी यावरूनच आंदोलन उभं केलं होतं. आईच्या डोक्यात ते पक्कं आहे, तिनं तिथंच विषय काढला. मी तिला पुढे चालायला लावलं.

गाभाऱ्यात भूमिस्पर्श मुद्रेतली सोनेरी मूर्ती. रांग सरकत असते, वंदना भरभर आटपावी लागली. खरा वेळ गेला तो मंदिराच्या पाठीमागे, वज्रासन या दगडी आसनाजवळच्या पिंपळाखाली. सिद्धार्थ जिथं बुद्ध झाले ती ही जागा. मूळ झाड काही राहिलेलं नाही. त्याच्या वंशातलं जुनं झाड १८७६ च्या वादळात पडलं आणि कनिंगहॅम यांनी नवं लावलं. पान तोडायची मनाई, गळालं तरच घ्यायचं. आई त्रिसरण-पंचशील म्हणून वर बघत बसली. तासाभरात दोन पानं पडली. दोन्ही वेळा कुणीतरी आमच्याआधी पोहोचलं. एकदा तर ऐंशीच्या घरातली एक परदेशी आजी! बाहेर दुकानात प्लास्टिकमध्ये घातलेली पानं होती. आईनं हातात घेऊन उलटसुलट केलं आणि ठेवून दिलं. "हे कोणत्या झाडाचं, कोणास ठाऊक."

घरी आल्यावर पुढच्या रविवारी ती मला दीक्षाभूमीवर घेऊन गेली. झाडाखालचं एक पान उचललं, पदरानं पुसलं, वंदनेच्या पुस्तकात ठेवलं. आता कुणी विचारलं की सांगते, बुद्धगयेचं आहे. मी दुरुस्त करत नाही.