स्टॉकहोम, जूनमधलं

स्टॉकहोम एकाच दिवसात पाहायचं असेल, तर तो दिवस जूनमधला धरावा. पहाटे साडेतीनच्या सुमाराला उजाडतं आणि रात्रीचे दहा वाजून गेल्यावर सूर्य मावळतो. डिसेंबरात उजेड जेमतेम सहा तासांचा. म्हणजे तेवढ्याच पैशात तिप्पट दिवस! नवऱ्याला हा हिशेब इतका आवडला की त्याने बघायच्या स्थळांची यादी लगेच दुप्पट केली. त्यातली बरीचशी मी खोडली. 14 बेटांवरचं शहर. सगळीकडे पाय लावून यायचं ठरवलं तर नुसते पूलच लक्षात राहतात.

सकाळी सिटी हॉल. ही 1923 सालची लाल विटांची इमारत आतून पाहायची तर गाइडबरोबरच जावं लागतं. दर 10 डिसेंबरला नोबेलची मेजवानी होते ती इथल्या ‘ब्लू हॉल’मध्ये. त्यात निळं काही नाही. वास्तुकार राग्नार ओस्टबेरी भिंतींना निळा रंग देणार होते. पण बांधकाम चालू असताना विटाच इतक्या आवडल्या की रंगाचा बेत रद्द झाला. नाव तोवर सगळ्यांच्या तोंडी बसलं होतं, ते राहिलं. मला हे फार पटलं. वरचा सोनेरी हॉल मात्र नावाला जागतो: सोनं चढवलेले मोझाइकचे लाखो तुकडे. पाच मिनिटांत डोळे दमतात.

मग गामला स्तान, म्हणजे जुनं शहर. गोट्यांचे रस्ते, हळदी-गेरू रंगाच्या भिंती, आणि एक गल्ली इतकी चिंचोळी की एका जागी तिची रुंदी 90 सेंटिमीटर. पुण्याच्या पेठेत वाढलेल्या माणसाला तिचं अप्रूप नसावं. तरी फोटो काढलाच. मधल्या चौकात लोक उन्हाकडे तोंड करून कॉफी पितात. 1520 च्या नोव्हेंबरात डेन्मार्कच्या राजाने याच चौकात 80 हून अधिक सरदार आणि धर्मगुरूंची मुंडकी उडवली. दालचिनीचा बन खाताना हे वाचू नये.

तिथून जवळच स्लुसेनच्या धक्क्यावर फेरीबोट मिळते. बस-मेट्रोचंच तिकीट तिलाही चालतं. ती जुर्गोर्डेन बेटावर सोडते, आणि तिथे आहे ‘वासा’ या जुन्या युद्धनौकेचं संग्रहालय. बाकी सगळं गाळलं तरी चालेल, हे गाळू नये.

दार उघडून आत गेलं की अंधूक उजेडात अख्खं जहाज उभं. 69 मीटर लांब, 64 तोफांचं. गुस्ताव दुसरा अडोल्फ या राजाने ते बांधायला घेतलं आणि युद्धावरून पत्रं पाठवून घाई लावली. निघण्याआधी चाचणी म्हणून 30 खलाशांना डेकवर या कडेपासून त्या कडेपर्यंत पळवलं. जहाज एवढं डुलायला लागलं की चाचणीच थांबवली. प्रवास मात्र थांबवला नाही! 10 ऑगस्ट 1628 ला निघालं, दीड किलोमीटरही गेलं नाही, वाऱ्याच्या झोतानं कललं, तोफांच्या खिडक्यांतून पाणी शिरलं आणि किनाऱ्यावरच्या लोकांदेखत बुडालं. चौकशी झाली, साक्षी झाल्या, शिक्षा कोणालाच नाही. इथे मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

1961 मध्ये ते वर काढलं. बाल्टिकच्या कमी खारट पाण्यात लाकूड पोखरणारी समुद्री अळी जगत नाही, म्हणून 333 वर्षांनंतरही कोरीव सिंहांच्या आयाळी शाबूत. आपल्या अरबी समुद्रात खिळेसुद्धा सापडले नसते. लाकूड वाळून तडकू नये म्हणून मग 17 वर्षं त्यावर रसायन फवारत होते.

बाहेर आलो तर सहा वाजलेले आणि ऊन अजून चांगलं कडक. बाकावर बसून नवऱ्याला मी ‘एपलेट’बद्दल वाचून दाखवलं. वासाचं भावंड, त्याच कारखान्यातलं, पण जरा रुंद बांधलेलं. 1629 मध्ये पाण्यात उतरलं, तीसएक वर्षं मुकाट्यानं चाकरी केली आणि शेवटी शत्रूच्या वाटेत अडथळा म्हणून मुद्दाम बुडवलं. तळाशी सापडलेले अवशेष त्याचेच, याची खात्री 2022 मध्ये झाली. अजून तळाशीच आहे.

“वेळेवर ऑफिसला जाणाऱ्यांचं असंच होतं,” तो म्हणाला आणि दुसरा बन आणायला उठला.