एका ठिपक्याची कक्षा ठरताना

लघुग्रह शोधायला स्वतःची दुर्बीण लागतेच असं नाही. इंटरनॅशनल ॲस्ट्रॉनॉमिकल सर्च कोलॅबोरेशन हा उपक्रम हौशी गटांना अस्सल छायाचित्रं मोफत देतो. आम्हाला मिळालेली छायाचित्रं हवाईतल्या हालेआकाला पर्वतावरच्या पॅन-स्टार्स या आकाश-सर्वेक्षणाच्या 1.8 मीटर दुर्बिणीतून घेतलेली होती. आकाशाच्या एकाच तुकड्याची, थोड्या थोड्या वेळाने टिपलेली चार छायाचित्रं म्हणजे एक संच. ती ॲस्ट्रोमेट्रिका या सॉफ्टवेअरमध्ये उघडायची, ताऱ्यांच्या सूचीशी जुळवायची आणि एकामागून एक फिरवत बघत बसायचं. तारे जागचे हलत नाहीत. जे सरळ रेषेत, सारख्या वेगाने सरकतं, तेवढंच तपासायचं.

सरकणारे बहुतेक ठिपके आधीच माहीत असलेले लघुग्रह निघतात. उरलेल्यांत कॅमेऱ्यातले दोष आणि वैश्विक किरणांच्या खुणा भरपूर. एका संचात मात्र चारही छायाचित्रांत एक ठिपका होता, एकविसाव्या प्रतीच्या आसपासचा (प्रत म्हणजे तेजाचं माप; आकडा जितका मोठा तितकं तेज कमी), अगदी अंधुक. तासाला अर्ध्या कलेहून (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) थोडा जास्त, पश्चिमेकडे सरकणारा. प्रतियुतीच्या सुमारास, म्हणजे पृथ्वीवरून पाहता सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला असताना, मंगळ आणि गुरू यांच्या कक्षांमधल्या मुख्य पट्ट्यातला लघुग्रह असाच वक्री, म्हणजे उलटा सरकताना दिसतो, कारण आतल्या कक्षेतली पृथ्वी त्याला मागे टाकत असते. ज्ञात लघुग्रहांच्या यादीत त्या जागी कोणीच नव्हतं. वेळ, आकाशातली जागा सांगणारे दोन आकडे (विषुवांश आणि क्रांती) आणि तेज मोजून अहवाल पाठवला.

खरा शोध इथून पुढे सुरू होतो, असं मी आता ठामपणे म्हणेन. एका रात्रीच्या निरीक्षणांतून चारच गोष्टी नीट कळतात: आकाशातली जागा दोन आकड्यांत आणि सरकण्याचा वेग दोन दिशांत. कक्षेला मात्र सहा आकडे हवेत. अंतर कळत नाही, त्यामुळे त्याच चार बिंदूंतून असंख्य कक्षा जातात. 1801 मध्ये इटलीतल्या पियाझी या खगोलशास्त्रज्ञाने सेरेस हा पहिला लघुग्रह शोधला आणि सुमारे सहा आठवड्यांच्या निरीक्षणांनंतर तो सूर्याच्या उजेडात हरवला, तेव्हाही अडचण मुळात हीच होती: कक्षेचा फार छोटा तुकडा हाती होता. गाउस या तरुण जर्मन गणितज्ञाने त्यावरून कक्षा काढली आणि वर्षअखेरीस सेरेस पुन्हा सापडला. ती गोष्ट मी कितीदा वाचली होती. तिचं मोल मात्र स्वतःच्या ठिपक्याची वाट बघताना कळलं.

दुसऱ्या रात्रीची निरीक्षणं जुळली आणि लघुग्रहांच्या निरीक्षणांची जागतिक नोंद ठेवणाऱ्या मायनर प्लॅनेट सेंटरने तात्पुरतं नामांकन दिलं: वर्ष, मग महिन्याचा पंधरवडा सांगणारं अक्षर, मग क्रमाचं अक्षर आणि आकडा. पुढे इतर दुर्बिणींची निरीक्षणं जोडली जात गेली, तसे कक्षेचे आकडे स्थिरावले. अर्धदीर्घ अक्ष, म्हणजे लंबवर्तुळाकार कक्षेच्या लांबीचा अर्धा भाग, 2.6 खगोलीय एककांच्या जवळ (एक एकक म्हणजे पृथ्वी ते सूर्य सरासरी अंतर). कक्षेच्या आकारावरून प्रदक्षिणेचा काळ सांगणाऱ्या केप्लरच्या तिसऱ्या नियमाने प्रदक्षिणाकाळ सुमारे 4.2 वर्षं. म्हणजे हा पट्ट्याच्या मधल्या भागातला, 2.5 आणि 2.82 एककांवरच्या कर्कवुड फटींच्या, म्हणजे लघुग्रह फारसे नसलेल्या रिकाम्या पट्ट्यांच्या, मधला. त्या फटींत गुरू ग्रहाशी 3:1 आणि 5:2 असं अनुनादाचं नातं जुळतं (गुरूच्या एका प्रदक्षिणेत लघुग्रहाच्या तीन, किंवा दोनांत पाच) आणि कक्षा टिकत नाहीत. आपल्या ठिपक्याचा पत्ता गुरूने आखून दिलेल्या सीमांच्या आत आहे, हे बघून मला झालेला आनंद नामांकनाच्या आनंदाहूनही मोठा होता.

अशा कक्षेतला लघुग्रह साधारण सोळा महिन्यांनी पुन्हा प्रतियुतीला येतो. पुढच्या खेपेला तो भाकीत केलेल्या जागेजवळच दिसला आणि कक्षेतली अनिश्चितता एकदम घटली. कायमचा क्रमांक मिळायला मात्र सहसा अशा अनेक प्रतियुतींची निरीक्षणं लागतात, म्हणजे काही वर्षं. नाव सुचवण्याचा हक्क क्रमांकानंतरच येतो. तोवर मी नव्या निरीक्षणांची नोंद पाहते आणि प्रत्येक वेळी अर्धदीर्घ अक्षाचा कितवा दशांश बदलला, ते आधी तपासते.