लाइपझिगच्या गिरणीत निळीचं भांडं

प्लागविट्झ स्टेशनवर उतरून थोडं चाललं की विटांच्या उंच इमारती लागतात. मोठाल्या खिडक्या, फरसबंदी अंगण आणि त्यात रुतलेले मालगाडीचे जुने रूळ. पहिल्यांदा आले तेव्हा मी फाटकापाशीच थांबले होते, कारण हे सगळं माझ्या ओळखीचं होतं. लालबागला आमच्या चाळीच्या गॅलरीतून असंच दिसायचं. फक्त तिथे भोंगा व्हायचा आणि बाबा डबा घेऊन जिना उतरायचे, ते मला आईच्या सांगण्यातूनच माहीत आहे. मी चालायला लागले तोवर गिरणी बंद झाली होती.

ही लाइपझिगची सूतगिरणी, जर्मनमध्ये बाउमवोलश्पिनराय. १८८४ मध्ये सुरू झाली आणि १९०७ पर्यंत युरोप खंडातली सर्वांत मोठी सूतगिरणी झाली, २ लाख ४० हजार चात्यांची. कामगारांची घरं, मुलांसाठी बालवाडी, भाजी लावायला वाफे, सगळं आवारातच. पूर्व जर्मनी होती तोवर ती सरकारी मालकीची होती. एकीकरणानंतर काही वर्षांत सूत थांबलं. रिकाम्या पडलेल्या खोल्यांत चित्रकार येऊन बसले. भाडं कमी, छत उंच, उजेड भरपूर. नेओ राउखसारख्या जगभर नाव झालेल्या चित्रकाराचा स्टुडिओही याच आवारात आहे. यातल्याच एका मजल्यावर आम्ही तिघींनी मिळून एक खोली घेतली आहे, आणि तिच्या खिडकीलगतचं लांब टेबल माझं. त्या टेबलावर मी कापड छापते.

फोनवर हे बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "चाती किती होते गो?" आकडा ऐकून बराच वेळ काही बोलले नाहीत. ते त्रासन खात्यात, म्हणजे सूत कातायच्या खात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यांतले एक ते. परत आत गेले नाहीत.

मी जे.जे.ला टेक्स्टाइल केलं, मग काही वर्षं मुंबईत निर्यातीच्या कपड्यांसाठी डिझाइनं काढली, आणि नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आले. कॉलेजच्या सहलीत राजस्थानात बगरूला दाबूचं काम पाहिलं होतं. काळी माती, चुना, डिंक आणि गव्हाचा भुसा कालवून त्याचा लगदा ठशाने कापडावर छापायचा, वाळवायचं आणि निळीत बुडवायचं. लगदा बसला तिथे रंग लागत नाही. हे आपल्याकडचंच काम, असं मला वाटायचं. इथे आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात कुणीतरी मला पुल्सनिट्झला घेऊन गेलं. ड्रेस्डेनच्या पुढे लहानसं गाव आहे, पेफरकुखन नावाच्या मसाल्याच्या केकसाठी प्रसिद्ध. तिथल्या एका जुन्या कार्यशाळेत बाई टेबलाशी उभी राहून हाताच्या मुठीने ठशावर ठोकत होती. तोच आवाज, बगरूचा. मला रडू आलं, आणि तिने न विचारता ठसा माझ्या हातात दिला.

इथे या कामाला ब्लाउड्रुक म्हणतात, निळी छपाई. ठसा नाशपातीच्या लाकडाचा. बारीक ठिपके आणि रेषा लाकडात टिकत नाहीत, म्हणून तिथे पितळेच्या खिळ्या आणि पट्ट्या ठोकलेल्या. जुन्या ठशांत असे शेकडो खिळे असतात, एकेक हाताने बसवलेला. रंग अडवणाऱ्या लगद्याला पाप म्हणतात. त्यात पांढरी माती आणि डिंक असतो, बाकीचं प्रत्येक घराणं आपल्यापाशी ठेवतं. जर्मनी, ऑस्ट्रिया, चेकिया, स्लोव्हाकिया आणि हंगेरी या पाच देशांनी मिळून ही कला युनेस्कोपुढे मांडली आणि २०१८ मध्ये तिचा वारशाच्या यादीत समावेश झाला. आता मोजक्याच कार्यशाळा उरल्या आहेत. पुल्सनिट्झची त्यांतलीच एक.

मी जे करते ते या दोन्हींच्या मधलं आहे. ठसे इथले, लगदा दाबूच्या अंगाने जाणारा, नक्षी माझी: चाळीचे कठडे, पाण्याची पिंपं, लोखंडी जिना.

निळीबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण जत्रेत माझं निम्मं बोलणं तिच्याबद्दलच असतं. भांड्यातलं पाणी निळं नसतं. ते पिवळट हिरवं असतं, वर तांबूस झाक असलेला निळा फेस. त्या फेसाला इथले रंगारी फूल म्हणतात. नीळ पाण्यात विरघळत नाही. भांड्यातला प्राणवायू काढून घेऊन तिचं रूप बदललं तरच ती विरघळते आणि धाग्यात शिरते. कापड बाहेर काढलं की ते हिरवंगार असतं, आणि हवा लागली की तुमच्या डोळ्यांदेखत निळं होत जातं. गडद निळ्यासाठी पुन्हा पुन्हा बुडवायचं आणि प्रत्येक बुडीनंतर हवेत धरायचं.

या हवेतल्या क्षणासाठीच माझ्या कार्यशाळेला लोक येतात असं मला वाटतं. महिन्यातून एका शनिवारी आठ जण येतात. बँकेतली बाई, निवृत्त मास्तर, एखादी आई आपल्या दहा-बारा वर्षांच्या मुलीला घेऊन. सकाळभर ते नक्षी नीट येत नाही म्हणून कष्टी असतात. जेवणानंतर पहिलं कापड वर येतं, हिरव्याचं निळं होतं, आणि खोलीत एकदम शांतता पसरते. दर वेळी. मी इतक्यांदा पाहिलं आहे तरी मीही गप्प होते.

मग मी त्यांना नीळ या शब्दाची गोष्ट सांगते. संस्कृतातला नील अरबांकडून पोर्तुगीज-स्पॅनिशांकडे गेला, तिथे 'अनिल' झाला. १९ व्या शतकात निळीपासून एक रसायन मिळालं, त्याचं नाव ठेवलं ॲनिलीन. आणि लुडविग्सहाफेनच्या बाडिशे ॲनिलीन उंड सोडा फाब्रिक या कंपनीच्या, म्हणजे बीएएसएफच्या, नावातला ए तोच. याच कंपनीने १८९७ मध्ये कारखान्यात बनवलेली नीळ बाजारात आणली आणि आपल्याकडच्या निळीची निर्यात बघता बघता कोसळली. पहिल्या महायुद्धात जर्मन माल बंद झाला तेव्हा भाव पुन्हा चढले, आणि चंपारणच्या शेतकऱ्यांवर निळीची सक्ती होतीच, तिच्याविरुद्ध १९१७ मध्ये गांधीजी उभे राहिले. जर्मन माणसं हे फार लक्ष देऊन ऐकतात. त्यांच्याकडेही असं आधी घडलेलं आहे. एर्फुर्टच्या परिसरात वाइड नावाच्या झाडापासून निळा रंग काढत, त्यावर गावंच्या गावं श्रीमंत झाली होती. भारतातली नीळ जहाजांनी येऊ लागली तेव्हा तो धंदा बसला. तिला सैतानाचा रंग म्हणून बंदीही घालून पाहिली. म्हणजे आधी आमच्या निळीने त्यांचे रंगारी बुडवले, मग त्यांच्या निळीने आमचे शेतकरी. एका भांड्याभोवती उभं राहून हे बोलणं मला महत्त्वाचं वाटतं.

प्रदर्शनांबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. भिंतीवर कापड टांगलं की ते गप्प होतं. लोक हात मागे बांधून बघतात. जत्रेत मात्र हात लावतात.

जत्रा वर्षात सहा-सात करते. आमच्याच गिरणीत वसंतात आणि शरदात रुंडगांग असतो: दोन दिवस सगळ्या गॅलऱ्या आणि बरेच स्टुडिओ उघडे, हजारोंनी लोक जिने चढत असतात. ग्रासी म्युझियममध्ये ऑक्टोबरात उपयोजित कलेची मोठी जत्रा भरते, १९२० मध्ये सुरू झालेली. तिथे निवड समितीतून जावं लागतं. मी दर वर्षी बघायला जाते आणि दोन दिवस झोप लागत नाही, इतकं चांगलं काम एका छताखाली असतं. बाकी लहान गावांच्या चौकात भरणाऱ्या जत्रा. पहाटे गाडी भरायची, तंबू उभा करायचा, टेबल, आरसा, बांबूवर स्टोल.

आणि पहिला प्रश्न काय असतो माहीत आहे? "रंग जातो का?" शब्दशः तोच, जो दादरला प्रत्येक बाई दुकानदाराला विचारते. मी खरं ते सांगते. नीळ धाग्यात विरघळलेली नसते, ती त्याला चिकटून बसते, म्हणून सुरुवातीला घासली की थोडी हाताला लागते. उन्हाने-पाण्याने उडून जात नाही, पण वापराने मऊ होते. हे ऐकून काही जण स्टोल खाली ठेवतात. काही जण मुद्दाम घेतात. एकदा एका गावात दुपारी अचानक वारा सुटला, तंबू आडवा झाला आणि पांढऱ्या रुमालांचा गठ्ठा ओल्या निळ्या कापडाखाली सापडला. अकरा रुमाल गेले. शेजारच्या कुंभार बाईने स्वतःचा स्टॉल सोडून माझे खांब धरले होते, ते मी विसरणार नाही.

पैशाचं घरचे लोक नेहमी विचारतात, म्हणून सांगते. विक्रीवर घर चालत नाही; कार्यशाळा आणि फोल्कसहोखशूलमधले वर्ग, म्हणजे गावोगावी प्रौढांसाठी असणाऱ्या शिकवणीच्या सार्वजनिक संस्था, यांवर चालतं. पण इथे कलाकारांसाठी एक सामाजिक विमा आहे, १९८३ पासून. आरोग्य आणि पेन्शनचा निम्मा हप्ता मी भरते, जसा नोकरदार भरतो. उरलेला निम्मा, कलाकारांकडून काम घेणाऱ्या संस्था-कंपन्यांवरची पट्टी आणि केंद्र सरकार यांतून येतो. त्यात नाव लागलं त्या दिवशी मी बाबांना फोन केला. हाताने काम करणाऱ्याला म्हातारपणी पेन्शन मिळणार, याचा अर्थ आमच्या घरात वेगळाच लागतो.

गेल्या वसंतात बाबा आले. रुंडगांगच्या दिवशी त्यांना माझ्या टेबलापाशी खुर्ची दिली, पण ते बसले नाहीत. खांबांमधलं अंतर पावलांनी मोजत फिरले. "इथून इथे एक मशीन," असं दाखवत होते. गर्दीतली एक वयस्कर बाई त्यांच्याकडे बघत उभी राहिली. ती याच गिरणीत सूत कातायला होती. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता. तिने दोन बोटांनी हवेत धाग्याला पीळ दिला, तुटलेलं टोक जोडतात तसा. बाबांनी मान हलवली आणि तेच केलं, जरा जास्त झटकन.

संध्याकाळी त्यांनी एक स्टोल उलटापालटा करून पाहिला. छपाई, वीण, रंग, काहीच बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, "काठावर काय नाय? गिरणीचा नाव असायचा काठावर. कापड कोणाचा ता कळाक नको?"

खरंच. मिलच्या प्रत्येक ताग्याच्या काठावर छाप असायची, आणि लहानपणी आईच्या पेटीतल्या लांबरुंद पांढऱ्या कापडावर मी ती बोटाने वाचलेली होती. शरदाच्या रुंडगांगच्या आधी मी छोटासा ठसा कोरून घेतला. आता माझ्या प्रत्येक कापडाच्या काठावर देवनागरीत माझं नाव असतं आणि शेजारी किती बुड्या दिल्या तो आकडा. लोक विचारतात हे काय लिहिलं आहे, मी वाचून दाखवते.

फोटो पाठवला तर बाबांचा उलट फोन आला. छाप डावीकडे जरा चढली आहे, म्हणाले. कापडाचा ताण दोन्ही बाजूंनी सारखा धर.